जाळे खाली का आले?

टेनिसचे जाळे तुम्ही जवळून पाहिले आहे का? पाहिले असेल तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. ते सर्वत्र सारख्या उंचीचे नसते. दोन्ही बाजूंच्या खांबांशी त्याची उंची साडेतीन फूट असते, आणि मध्यभागी एक पांढरा पट्टा त्याला खाली ओढून बरोबर तीन फुटांवर धरून ठेवतो. मी शिकत होतो त्या महाविद्यालयाच्या मैदानावर हा पट्टा नव्हता. पावसाळा संपून खेळ सुरू झाला की जाळे परटाच्या दोरीसारखे लोंबत असे. मग आम्ही एक रॅकेट उभी धरायचो, तिच्यावर दुसऱ्या रॅकेटचे डोके आडवे ठेवायचो आणि तेवढ्या उंचीला जाळे ताणून बांधायचो. जुन्या लाकडी रॅकेटची लांबी २७ इंच आणि डोक्याची रुंदी सुमारे ९ इंच, म्हणजे झाले ३६ इंच. पट्टी आणायला कोण जाणार!

पण तीनच फूट का? आणि कडेला साडेतीन का? हे आकडे कोणी आभाळातून आणलेले नाहीत. टेनिसच्या इतिहासातली पुरुष एकेरीची पहिली मोठी स्पर्धा झाली तेव्हा जाळे खांबाशी चांगले पाच फूट उंच होते. ते तेथून खाली का आले याची हकिकत मोठी मनोरंजक आहे. तिच्यात खेळाडू आहेत तसाच एक हिशेबी गृहस्थही आहे, आणि मला विचाराल तर खरा नायक तोच.

ही स्पर्धा १८७७ च्या जुलै महिन्यात लंडनजवळच्या विंबल्डन येथे झाली. तेथे वॉर्पल रोडवर एका क्लबाची हिरवळ होती. क्लब मुळात क्रोके या खेळाचा. क्रोके म्हणजे लाकडी हातोड्याने चेंडू जमिनीवरून टोलवीत कमानींतून घालवण्याचा खेळ. पण त्या सुमारास लोकांना हिरवळीवरच्या टेनिसचे वेड लागले होते, तेव्हा क्लबाने आपल्या नावात टेनिसही घालून घेतले. हिरवळ दाबायचा, तट्टूने ओढायचा रोलर मोडला होता, त्याच्या दुरुस्तीला पैसे हवे होते म्हणून स्पर्धा काढली, असे सांगतात. प्रवेश फी एक गिनी. २२ जणांनी नावे दिली. 'द फील्ड' या साप्ताहिकाने २५ गिनींचा रुप्याचा चषक दिला.

या खेळाचे वय तेव्हा तीन-चार वर्षांचे होते. त्याआधीचे टेनिस चार भिंतींच्या आत, फरशीवर आणि चिंध्या गच्च भरलेल्या चेंडूने खेळले जाई. तो चेंडू गवतावर टाकला तर उसळायचाच नाही. गंधक घालून तापवलेले, म्हणजे व्हल्कनाइझ केलेले रबर निघाले, त्याचे पोकळ चेंडू बनू लागले, तेव्हा कुठे टेनिस भिंतीबाहेर हिरवळीवर आले. हिरवळ एकसारखी कापणारे यंत्रही १८३० मध्येच निघाले होते. खेळांचा इतिहास लिहिणारे राजे आणि सरदार यांची नावे देतात. रबर आणि गवत कापायचे यंत्र यांना मात्र कोणी विचारीत नाही.

नव्या खेळाला एक नियम नव्हते. कोणी मैदान मध्ये चिंचोळे आणि टोकांना रुंद आखी, कोणी जाळे हवे तितके उंच बांधी. विंबल्डनच्या स्पर्धेसाठी तिघांची समिती बसली आणि तिने नियम ठरवले. मैदान ७८ फूट लांब, २७ फूट रुंद, साधे आयताकृती. हीच मापे आजही एकेरीला आहेत. खांब मैदानाच्या कडेपासून तीन-तीन फूट बाहेर. जाळे खांबाशी ५ फूट आणि मध्यभागी ३ फूट ३ इंच. सर्व्हिसची रेषा जाळ्यापासून २६ फुटांवर. चेंडूचे वजन सव्वा ते दीड औंस, म्हणजे ३५ ते ४२ ग्रॅम. आजचा चेंडू ५६ ग्रॅमांच्या खाली चालत नाही.

आता या जाळ्याकडे जरा भौतिकीच्या चष्म्यातून पाहू. बॅडमिंटनचे जाळे तुमच्या परिचयाचे आहे. तेही मध्यभागी पाच फूट असते. त्या बॅडमिंटनलाही १८७० च्या दशकात इंग्रज लोक 'पूना' म्हणत, कारण पुण्याच्या छावणीतले अधिकारी तो खेळत. पण बॅडमिंटनमध्ये फूल वरून मारायचे असते. टेनिसचा चेंडू गवतावरून जेमतेम उसळणार, तो गुडघ्याखालून उचलून पाच फुटांच्या खांबाजवळून पलीकडे न्यायचा, हे काम सोपे नव्हे.

खेळाडू मात्र खांबावरून मारीत नाही, मैदानाच्या आतून मारतो. तेव्हा मैदानाच्या कडेच्या रेषेवर जाळे किती उंच होते हे काढले पाहिजे. मध्यापासून खांब साडेसोळा फुटांवर आणि कडेची रेषा साडेतेरा फुटांवर. दोन खांबांना बांधून सैल सोडलेल्या दोरीचा झोल जवळजवळ अन्वस्ताच्या आकाराचा असतो, म्हणजे मध्यापासून जितके दूर जावे त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उंची वाढते. मध्य आणि खांब यांच्यातला फरक २१ इंच. साडेतेराला साडेसोळाने भागून वर्ग केला की येतात सुमारे ०.६७. त्याने २१ ला गुणले की १४ इंच. तेव्हा कडेच्या रेषेवर जाळे ३ फूट ३ इंच अधिक १४ इंच, म्हणजे ४ फूट ५ इंच उंच होते. (घरी दोन खिळ्यांना दोरी बांधून हा झोल मोजून पाहा. दोरी जड असेल तर चांगले, आणि पाच-सहा ठिकाणी मोजा, एका ठिकाणी नको.)

आजचे जाळे ताणलेले असते, त्याला झोल नसतो म्हटले तरी चालेल. त्याची उंची कडेच्या रेषेवर ३ फूट ५ इंच भरते. १८७७ चे जाळे त्याहून बरोबर एक फूट उंच होते.

ही एक फुटाची बाब ज्याने हेरली त्याचे नाव स्पेन्सर गोर. वय २७. सरे परगण्याकडून क्रिकेट खेळलेला, भिंतींच्या आतल्या रॅकेट्स या खेळात तरबेज. बाकीचे खेळाडू मागच्या रेषेवर उभे राहून चेंडूचा एक टप्पा पडू देत आणि मग शांतपणे परत करीत. गोर जाळ्याशी धावत येई आणि टप्पा पडण्याआधीच चेंडू हवेत मारी. यालाच व्हॉली म्हणतात. त्याच्यापुढून चेंडू काढायचा तर कडेने काढला पाहिजे. पण कडेला जाळे उंच. जाळे बुटके होते ते मध्यभागी, आणि तेथे तर गोर स्वतः उभा! कडेवरून येणारा चेंडू साडेचार फुटांच्या उंचीने येणार, म्हणजे बरोबर त्याच्या छातीशी. त्याने हात पुढे केला की झाले.

आकड्यांनी पाहू. समजा खेळाडूने मागच्या रेषेवरून जमिनीलगतचा चेंडू मारला, तो जाळ्याच्या कडेला चाटून गेला आणि पलीकडच्या मागच्या रेषेवर पडला. हवेचा विरोध सोडून देऊ. चेंडूचा मार्ग अन्वस्त आणि सर्वांत उंच बिंदू जाळ्यावर. जाळ्यावरून जमिनीवर पडायला लागणारा काळ म्हणजे उंचीच्या दुपटीला गुरुत्वत्वरणाने भागून काढलेले वर्गमूळ. उंची ४ फूट ५ इंच, म्हणजे १.३५ मीटर. हा काळ ०.५२ सेकंद येतो. जाण्यायेण्याचा मिळून १.०५ सेकंद. तेवढ्या वेळात ७८ फूट, म्हणजे २३.७७ मीटर कापायचे. वेग झाला ताशी सुमारे ८२ किलोमीटर. याहून जोरात मारला तर चेंडू मैदानाबाहेर पडणार! हेच गणित आजच्या ३ फूट ५ इंचांसाठी केले तर मर्यादा ताशी ९३ किलोमीटरवर जाते. उंच जाळे जोरदार फटका मारणाऱ्यालाच शिक्षा करीत होते.

खेळाडू चेंडूला गिरकी देऊन ही मर्यादा बरीच ओलांडतात. तो वेगळा विषय आहे. पण योगायोग असा की लॉर्ड रॅले या थोर भौतिकीविदाने टेनिसच्या चेंडूच्या वाकड्या उड्डाणावरचा आपला छोटा निबंध याच १८७७ साली प्रसिद्ध केला. गिरकी घेणारा चेंडू वाकतो हे न्यूटनने दोनशे वर्षांपूर्वीच टेनिस पाहताना टिपून ठेवले होते. आपण मात्र आज गिरकीशिवायच काम भागवू.

स्पर्धेचा निकाल आता तुम्हीच सांगाल. ९ जुलैला सुरू झालेली स्पर्धा मध्येच थांबवली, कारण ईटन आणि हॅरो या दोन शाळांचा क्रिकेट सामना लॉर्ड्सवर होता आणि तो सोडून टेनिस पाहायला येणार कोण? मग पावसाने अडवले. शेवटी १९ जुलैला अंतिम सामना झाला. प्रत्येकी एक शिलिंग देऊन सुमारे २०० माणसे पाहायला आली. गोरने विल्यम मार्शलला ६-१, ६-२, ६-४ असे ४८ मिनिटांत हरवले. पहिला विजेता ठरला, बक्षीस वाटले, लोक घरी गेले.

एक माणूस मात्र घरी जाऊन स्वस्थ बसला नाही. त्याचे नाव हेन्री जोन्स. हा नियम ठरवणाऱ्या तिघांपैकी एक आणि स्पर्धेचा मुख्य पंच. पेशाने वैद्य, पण त्याची कीर्ती होती ती 'कॅव्हेंडिश' या टोपणनावाने पत्त्यांच्या व्हिस्ट या खेळावर लिहिलेल्या पुस्तकामुळे. पत्ते खेळणारा माणूस मोजत असतोच. जोन्सने स्पर्धेतल्या सगळ्या सामन्यांची गुणपत्रके गोळा केली आणि एकच प्रश्न विचारला: सर्व्हिस करणारा किती गेम जिंकला आणि घेणारा किती?

एकूण गेम ६०१. सर्व्हिस करणाऱ्याने जिंकलेले ३७६. घेणाऱ्याने जिंकलेले २२५.

शेकडा साडेबासष्ट. तुम्ही म्हणाल, हा फरक नशिबाचाही असू शकेल. बरोबर शंका आहे. तपासून पाहू. सर्व्हिसचा काहीच फायदा नसता तर प्रत्येक गेम नाणे उडवल्यासारखा झाला असता. ६०१ वेळा नाणे उडवले तर सरासरीने छापे ३०० च्या आसपास पडतील. अगदी ३०० नव्हेत, थोडे इकडे तिकडे. हे 'थोडे' किती याचा अंदाज एकूण संख्येच्या वर्गमूळाच्या निम्म्याने येतो. ६०१ चे वर्गमूळ साडेचोवीस, निम्मे सव्वाबारा. याला प्रमाण विचलन म्हणतात. तीन प्रमाण विचलने, म्हणजे ३७ पर्यंतचा फरक क्वचित दिसेल. येथे फरक आहे ७५ चा, सहा प्रमाण विचलनांहून जास्त. केवळ नशिबाने असे घडणे शंभर कोटींत एकदासुद्धा कठीण.

दुसरी शंका अधिक हुशार विद्यार्थी काढतात. चांगले खेळाडू जास्त गेम जिंकणारच. त्यात सर्व्हिसचा काय संबंध? येथे या खेळाच्या रचनेतली एक खुबी उपयोगी पडते. सर्व्हिस दर गेमला आळीपाळीने बदलते. समजा बलवान खेळाडूने दुबळ्याला ६-० हरवले. त्या सहा गेमांत तीन वेळा सर्व्हिस बलवानाची, तीन वेळा दुबळ्याची. म्हणजे सर्व्हिस करणारा जिंकला तीनदा आणि हरला तीनदा. निम्मे-निम्मे! एकतर्फी सामने आकडा पन्नासाकडे ओढतात. पहिल्याच स्पर्धेत असे सामने थोडे नव्हते, तरीही आकडा साडेबासष्ट निघाला. तेव्हा दोन तुल्यबळ खेळाडूंत सर्व्हिसचा फायदा याहूनही मोठा असला पाहिजे. जोन्सने हा विचार केला होता की नाही ते सोडून द्या. त्याचा आकडा त्याला वाटला असेल त्याहून अधिक बोलका होता एवढे खरे.

ध्यानात घ्या, त्या काळची सर्व्हिस आजच्यासारखी डोक्यावरून ठोकलेली नव्हती. हात खांद्याच्या उंचीला किंवा त्याखालीच असे. तरी एवढा फायदा!

समितीने १८७८ साठी दोन बदल केले. जाळे सर्वत्र तीन इंच खाली आणले: खांबाशी ४ फूट ९ इंच, मध्यभागी ३ फूट. आणि सर्व्हिसची रेषा २६ फुटांवरून २२ फुटांवर आणली. वर्गात मी मुलांना सांगत असतो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर परिणाम कशाचा हे कळणार नाही. त्या न्यायाने समितीला मी गुण कापले असते. पण जरा आकृती काढली आणि माझे मत बदलले.

तुम्हीही काढा. मागच्या रेषेवर सर्व्हिस करणारा, ३९ फुटांवर जाळे, त्यापलीकडे सर्व्हिसची रेषा. चेंडू अतिशय वेगाने, जवळजवळ सरळ रेषेत गेला असे समजा. तो जाळ्याच्या मध्याला चाटून सर्व्हिसच्या रेषेवर पडायचा असेल तर किती उंचीवरून मारला पाहिजे? दोन समरूप त्रिकोण मिळतात. १८७७ च्या मापांनी: ३.२५ ला २६ ने भागा, ६५ ने गुणा. उत्तर ८.१ फूट. याहून खालून मारलेल्या चेंडूला गुरुत्वाकर्षणाची मदत लागते, म्हणून त्याच्या वेगाला मर्यादा पडते. याहून वरून मारणाऱ्याला वेगाची मर्यादाच नाही. आता नुसते जाळे तीन फुटांवर आणले आणि रेषा २६ वरच ठेवली तर ही उंची साडेसात फुटांवर येते. म्हणजे मागून फटके मारणाऱ्याला मदत करायला गेलो आणि सर्व्हिस करणाऱ्यालाच बक्षीस दिले! रेषा २२ फुटांवर आणली की तीच उंची ८.३ फूट होते. दोन्ही बदल एकदम करणे भागच होते.

१८७८ च्या स्पर्धेत गोरला आपले पद राखण्यासाठी एकच सामना खेळायचा होता. समोर आला फ्रँक हॅडो. हा सिलोनमध्ये कॉफीचा मळेवाला, सुट्टीवर मायदेशी आलेला. कडेचे जाळे अजून ४ फूट २ इंच होतेच, तेव्हा गोर पूर्वीसारखाच जाळ्याशी येऊन उभा राहिला. हॅडोने कडेचा नाद सोडला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून उंच उडवला. आज या फटक्याला लॉब म्हणतात. समजा तो जाळ्यावर पाच मीटर उंच गेला. मघाचेच सूत्र लावा: हवेतला काळ दोन सेकंद, आडवा वेग ताशी ४२ किलोमीटर. जोरदार फटक्याच्या निम्मा! पण गोरची रॅकेट तेथवर पोचत नाही, आणि त्या दोन सेकंदांत त्याने पाठ फिरवून दहा-अकरा मीटर धावायचे. ७-५, ६-१, ९-७. गोर हरला. हॅडो सिलोनला परतला आणि पुढच्या वर्षी पद राखायला आलाच नाही.

पुढे काही वर्षांनी गोरने लिहिले की क्रिकेट उत्तम खेळणारा माणूस या एकसुरी खेळाकडे गांभीर्याने वळेल असे वाटत नाही. पहिल्या विजेत्याचे हे मत! त्याचा मनोभंग मी समजू शकतो.

जाळ्याचे खांब पुढच्या चार-पाच वर्षांत आणखी उतरले. आधी चार फूट, मग साडेतीन. सर्व्हिसची रेषा २१ फुटांवर आली. तेथेच सगळे थांबले, ते आजतागायत. पण त्याच १८७८ मध्ये ए. टी. मायर्स नावाच्या खेळाडूने विंबल्डनला हात डोक्यावर नेऊन सर्व्हिस करायला सुरुवात केली होती. आजच्या मापांनी वरची उंची काढा: ३ भागिले २१ गुणिले ६०, म्हणजे ८.६ फूट. खांद्यावरून मारणाऱ्याच्या ती स्वप्नातही नव्हती. हात आणि रॅकेट ताणून उडी घेणाऱ्या उंच माणसाला ती सहज गाठता येते.

२०१० च्या जूनमध्ये विंबल्डनलाच अमेरिकेचा जॉन इस्नर आणि फ्रान्सचा निकोला माहू यांचा पहिल्या फेरीचा सामना झाला. इस्नरची उंची २ मीटर ८ सेंटिमीटर. त्याची रॅकेट चेंडूला भेटते ती नऊ फुटांच्याही वर. सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. गेम झाले १८३. सर्व्हिस करणारा त्यांतले हरला फक्त तीन. जोन्सच्या पद्धतीने शेकडेवारी काढा: अठ्ठ्याण्णवच्या वर. या प्रकारानंतर पुन्हा नियम बदलले, पण या वेळी जाळ्याला कोणी हात लावला नाही. २०१९ पासून विंबल्डनच्या शेवटच्या सेटमध्ये १२-१२ झाले की टायब्रेक आणि २०२२ पासून ६-६ लाच. इस्नरने तो पाचवा सेट ७०-६८ असा जिंकला. १३८ गेमांच्या त्या सेटमध्ये सर्व्हिस करणारा एकदाच हरला, अगदी शेवटच्या गेममध्ये.